कित्त्यातली पहिली सूचना

सोमवार, २९ नोव्हेंबर १९८२

दिवाळीच्या सुट्टीनंतर आज शाळा भरली. पट सेहेचाळीस, हजर तेवीस. बाकीची पोरं आईबापांबरोबर रस्त्याच्या कामावर, नाहीतर पाण्याच्या मागं. पहिली ते चौथी, चारी वर्ग माझ्याकडेच. एका खोलीत चार रांगा.

अहमदपूरहून पत्र आलं. कागदावर छापलेलं ‘उस्मानाबाद’ खोडून त्यावर ‘लातूर’चा शिक्का मारलाय. ऑगस्टपासून आम्ही नव्या जिल्ह्यात आलो, पण जुने कागद अजून संपायचे आहेत. मजकूर असा की, जानेवारीत पहिली ते चौथीच्या मुलांची हस्ताक्षर तपासणी होईल. त्यासाठी तालुक्यातल्या सगळ्या शाळांना एक कित्ता द्यायचा आहे आणि तो माझ्या अक्षरात काढायचं ठरलं आहे.

मी पत्र तीनदा वाचलं. माझ्या वडिलांना अंगठा उठवावा लागायचा. मी अक्षराच्या जोरावर मास्तर झालो. सोनकांबळे गुरुजी म्हटलं की लोक आधी अक्षर बघतात, आडनाव मागाहून. म्हणून पोरांचं वळण बिघडलेलं मला खपत नाही.

कित्त्याबरोबर आठ सूचनाही मागवल्या आहेत. संध्याकाळी लिहून काढल्या. पहिली: पेन्सिल उजव्या हातात धरावी. दुसरी: पाठ ताठ, पाटी सरळ. तिसरी: आधी अक्षर, मग शिरोरेघ. आणि पुढच्या पाच.

केवळाबाईला सांगितलं. माझी बायको. ती भाकरी थापत होती. “बरं झालं,” म्हणाली, आणि तवा उतरवला.


गुरुवार, २ डिसेंबर

दुसरीत एक मुलगी आली. जगदेवी. नरसिंग पाटलाची. आजोळी देगलूरकडं शिकत होती, तिथलं पाणी आटलं म्हणून बापानं परत आणली. सात वर्षांची, हाडकुळी, बोलताना मधेच एखादा तेलुगू शब्द टाकते आणि पोरं हसतात.

पाटीवर ‘ससा’ लिहायला सांगितलं. तिनं पेन्सिल डाव्या हातात घेतली.

मी जवळ जाऊन पेन्सिल काढली आणि उजव्या हातात दिली. फळ्याकडं वळून परत बघतो तर पुन्हा डाव्यात. लिहिलेलं पाहिलं. दोन्ही ‘स’ उलटे, आरशात दिसावेत तसे. आणि हात लिहिलेल्यावरून पुढं सरकत असल्यामुळं अर्धं अक्षर मनगटानं पुसलेलं.

असा ‘स’ मी दहा वर्षांत पाहिला नव्हता.


शनिवार, ४ डिसेंबर

लिहायचं ठरवलंच आहे तर हेही लिहून टाकावं.

सिंधु माझी मुलगी. बहात्तरच्या दुष्काळात गेली, याच गावात. तेव्हा मी इथंच होतो. नंतर बदली मागून उदगीरकडं गेलो, आणि या जूनमध्ये पुन्हा इथंच आलो. केवळाबाई यायला तयार नव्हती. ‘न्हाई’ एवढंच म्हणाली होती. मग आली.

सिंधु डावरी होती. माझ्याच वर्गात, दुसरीत. मास्तरची पोर डाव्या हातानं लिहिते म्हटल्यावर बाकीच्यांना काय शिकवायचं? मी सकाळी तिच्या डाव्या पंजाला धोतराच्या काठाची पट्टी गुंडाळायचो, बोटं मिटून. शाळा सुटली की सोडायचो. दोन महिन्यांत तिचा ‘स’ सरळ व्हायला लागला होता.

शाळेमागं आमच्या वस्तीची विहीर आहे. त्या वर्षी तळाला डबकं उरलं होतं. हलकी पोरं खोबणीत पाय देत खाली उतरायची आणि वाटीवाटीनं घागर भरायची. सिंधु मधल्या सुट्टीत गेली, घसरली आणि कपारीवर आदळली.

मी पोचलो तेव्हा दोघांनी तिला वर काढलं होतं. केवळाबाई खडीच्या कामावरून माझ्याआधी आली होती. पोर तिच्या मांडीवर होती, अंगावर पदर ओढलेला. पंचनाम्यात विचारलं, तेव्हा मी सांगितलं, हात मोकळा होता. मधल्या सुट्टीला पट्टी मीच सोडली होती.

सोडली होती. मला आठवतंय.


बुधवार, ८ डिसेंबर

आज जगदेवीच्या हातात दुसरी पाटी होती. लाकडी चौकट, एका कोपऱ्याला पत्र्याची पट्टी ठोकलेली. ती पट्टी मी ठोकली होती, तेलाच्या डब्याचा पत्रा कापून. खिळे तीन, मधला वाकडा.

“ही कुठून आणलीस?”

“बाईनं दिली.”

“कोणत्या बाईनं?”

“हिरीवरल्या.”

वर्गातली पोरं एकदम गप्प झाली. त्या विहिरीबद्दल गावात काय बोलतात ते मला माहीत आहे. ती यंदा पुन्हा कोरडी पडली आहे. तिकडं कुणी जात नाही.

घरी आलो. सिंधुची पाटी पत्र्याच्या पेटीत होती, इतकं मला ठाऊक आहे. पेटीची किल्ली केवळाबाईच्या कमरेला असते. विचारावं असं तीनदा मनात आलं. ती जोंधळा निवडत बसली होती. धान्य यंदा लवकर संपतंय असं मला वाटतं, दोन माणसांना इतकं लागत नाही. पण हे बायकांचं काम. मी विचारलं नाही, पाटीचंही नाही.

मला भीती वाटते. पेटी उघडली आणि पाटी तिथंच असली तर काय करायचं?


सोमवार, १३ डिसेंबर

मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा होता. मी ओट्यावर सुपारी कातरत होतो. आतून पेन्सिलीचा आवाज आला. पेन्सिल आडवी दाबून ढकलली की पाटी करकरते तसा. सिंधुला मी त्यावरून ओरडायचो. डाव्या हातानं शिरोरेघ ओढताना पेन्सिल ओढली जात नाही, ढकलली जाते, म्हणून ती करकरते.

आत गेलो. कुणी नव्हतं. मागचं दार उघडं होतं. खिडकीत ती पाटी, त्यावर एक उलटा ‘स’ आणि खाली पांढरा भुगा. मी फुंकर मारली तसा तो उडाला.

मी पाटी ओल्या फडक्यानं पुसली. दोनदा पुसली. वाळल्यावर अक्षर पुन्हा पुसट दिसत होतं. जुन्या पाटीवर ओरखडे राहतात, मला हे माहीत आहे. पोरांना मीच सांगतो.

दुपारभर चौथीला भागाकार शिकवले आणि एकही बरोबर तपासला नाही.


शुक्रवार, १७ डिसेंबर

नरसिंग पाटील शाळेत आला. ओट्यावर बसला, आत आला नाही. विड्याचं पान काढलं, मला विचारलं नाही. तसा माणूस वाईट नाही. गेल्या महिन्यात टँकर आला तेव्हा त्यानंच आधी वस्तीकडं पाठवला होता.

“गुरुजी, पोरगी डाव्या हातानं लिवते म्हनं.”

“हो.”

“लिवते ते लिवते, जेवाया पन त्येच हात म्होरं करते. उद्या कुनाच्या घरी द्यायची? लोक काय म्हनतील?” थोडा थांबून म्हणाला, “माझा बाप सांगायचा, तुमी पोराचा हात बांधून वळन लावता. तसं करा. माझी ना न्हाई.”

त्यानं खिशातून पट्टी काढली. नव्या मांजरपाटाची, दुमडून आणलेली. माझ्या हातात न देता ओट्यावर ठेवली.

तपासणी जवळ आली आहे. वीस गुण: वळण, आकार, अंतर, शिरोरेघ आणि बैठक. बैठकीत हात येतो. माझ्याच कित्त्यावर माझ्याच शाळेतल्या मुलीला शून्य पडलं तर?

पट्टी मेजाच्या खणात ठेवली.


सोमवार, २० डिसेंबर

बांधली.

प्रार्थनेनंतर जगदेवीला मेजाजवळ बोलावलं. हात पुढं कर म्हटलं, तिनं केला. मी तिची बोटं मिटली आणि पट्टी गुंडाळू लागलो. वेढे कसे द्यायचे हे माझ्या हातांना न विचारता आठवत होतं. तिसऱ्या वेढ्याला अंगठा आत घ्यायचा, नाहीतर मूल पेन्सिल अंगठ्यात अडकवतं.

पोर रडली नाही. गाठ मारताना माझ्याकडं बघत म्हणाली, “बाई म्हनली व्हती, गुरजी बांधतील.”

मी विचारलं, “आणखी काय म्हणाली बाई?”

“म्हनली, हात बांधला तर हिरीत उतरू नको. कुनी म्हनलं तरी उतरू नको.”

माझ्या हातातून पट्टीचं टोक सुटलं. मी ती सोडली की तिनंच सोडवली, सांगता येत नाही. पोरांना लवकर सोडलं. ही गोष्ट कुणाला माहीत आहे? पंचनामा करणारे गेले. गावात फक्त पोर विहिरीत पडली एवढंच सांगतात. हात बांधला तर उतरू नको असं सांगणारं एकच कोणीतरी असू शकतं, आणि ते दहा वर्षांपूर्वी गेलं.


मंगळवार, २१ डिसेंबर

मधल्या सुट्टीत जगदेवी मागच्या दारानं निघाली, तसा मी तिच्या मागं गेलो. बाभळीच्या आडून पाहिलं.

विहिरीच्या कठड्याला टेकून केवळाबाई बसली होती. पुढ्यात फडक्यात भाकरी आणि मिरचीचा ठेचा. जगदेवी तिच्यासमोर बसून डाव्या हातानं खात होती. पाटलाची पोर, आमच्या घरची भाकरी. केवळाबाई तिच्या वेणीतली गाठ सोडवत होती.

म्हणजे पाटी तिनं दिली होती. निरोपही तिचाच होता. मला हायसं वाटायला हवं होतं. ते वाटलं नाही.

केवळाबाईनं मला पाहिलं. पोरीला म्हणाली, “जा माय, घंटा व्हईल.” पोर माझ्या बाजूनं पळत गेली.

मी म्हणालो, “इथं रोज येतेस?”

“जूनपासून.”

“तिला तसं का सांगितलंस? सिंधुचा हात त्या दिवशी मोकळा होता.”

ती फडकं घडी घालत होती. घडी घालून झाल्यावर बोलली.

“गुरुजी, पट्टी मी सोडली. मांडीवर घेतली तवा हात बांधलेलाच व्हता. लोकं बघतील म्हनून पदर टाकला आन् खालून गाठ सोडली. पाण्यानं फुगली व्हती, दातानं सोडाया लागली. मंग तुमी आला. पंचाला म्हनला, हात मोकळा व्हता. मी आईकलं.”

मी म्हणालो, “तू कधी बोलली नाहीस.”

“तुमाला ठावं न्हाई असं मला वाटलं न्हाई.”

घंटा द्यायला कुणी नव्हतं. पोरांनीच दिली.


सोमवार, २७ डिसेंबर

लिहिण्यासारखं काही नाही.

चार तारखेची नोंद आज वाचली. ‘मला आठवतंय’ असं लिहिलं आहे. मला आठवतं ते इतकंच की, मधल्या सुट्टीला पोरं बाहेर पडली आणि मी तिसरीच्या वह्या तपासायला घेतल्या. सिंधु मेजाजवळ येऊन उभी राहिली होती, हात पुढं करून. मी मान वर केली नाही. थांब म्हणालो.

त्यानंतरचं काही नाही.


सोमवार, ३ जानेवारी १९८३

जगदेवीला डाव्या हातानंच लिहू द्यायचं ठरवलं. पण ते शिकवायचं कसं? तीस वर्षं शिकवलं ते सगळं उजव्या हाताचं.

सुट्टीचे चार दिवस घरी पाटी घेऊन बसलो आणि डाव्या हातानं ‘अ’ काढायला लागलो. पहिलीतल्या पोरासारखे गोळे आले. पण काही गोष्टी कळल्या. पाटी सरळ ठेवली की मनगट वाकतं आणि लिहिलेलं पुसतं. पाटीचं वरचं टोक उजवीकडं कलतं ठेवलं, हात ओळीच्या खाली ठेवला, की अक्षर डोळ्याला दिसत राहतं. पेन्सिल जरा लांबून धरायची. शिरोरेघ ढकलावी लागते म्हणून हलक्या हातानं, तुकड्या-तुकड्यानं ओढायची. आणि अशा मुलाला रांगेत डाव्या टोकाला बसवायचं, म्हणजे शेजाऱ्याच्या कोपराला कोपर लागत नाही. सिंधुला मी मधे बसवत होतो. शेजारची मुलगी रोज तक्रार करायची आणि मी रोज सिंधुलाच मारायचो.

आज जगदेवीला टोकाला बसवलं. पाटी कलती करून दिली. ‘स’साठी तिचा हात धरला नाही. मी माझ्या डाव्या हातानं फळ्यावर काढला, वाकडातिकडा. पोरं हसली. जगदेवी हसली नाही. तिनं खडूच्या टोकाकडं बघत बघत काढला. सरळ आला.

केवळाबाई घरी काही विचारत नाही. आमचं बोलणं पहिल्यासारखंच आहे, म्हणजे मीठ, पाणी, दळण. फक्त पेटी आता उघडी असते.


बुधवार, १२ जानेवारी

तपासणी झाली. तालुक्यात पहिली आमचीच शाळा, बाकीच्या कित्ते वाटल्यावर.

विस्तार अधिकारी देशमाने साहेब जीपनं आले. आता मुलं चौतीस. छापलेले कित्ते बरोबर आणले होते, शाई अजून बोटाला लागत होती. पाहिल्या पाहिल्या छाती भरून आली, खोटं कशाला सांगू? माझा ‘क्ष’ छान उमटलाय.

साहेबांनी दुसरीची रांग बघितली आणि जगदेवीजवळ थांबले. तिनं ‘आमचे गाव लहान आहे’ ही ओळ काढली होती. कुठं पुसलेली नाही, अंतर सारखं, शिरोरेघ दोन ठिकाणी तुटलेली.

“अक्षर चांगलंय. पण गुरुजी, बैठकीचे चार गुण जातील.”

“का साहेब?”

त्यांनी कित्ता माझ्यासमोर धरला. “तुम्हीच लिहिलंय. पहिलीच सूचना.”

“वरून तसा काही हुकूम आहे का?”

“हुकूम कसला? वर कुणाला याचं काय पडलंय? तुमच्या अक्षराखाली छापलंय म्हणून आता नियम झाला.”

नरसिंग पाटील ओट्यावर येऊन उभा होता. त्यानं पोरीचा हात पाहिला, मग माझ्याकडं. “बांधला न्हाई तुमी?”

चौतीस पोरं, साहेब आणि तो. मी सांगितलं. माझी पोर विहिरीत पडली तेव्हा तिचा हात बांधलेला होता, मी बांधलेला होता. पंचनाम्यात खोटं बोललो. म्हणून पाटील, तुमच्या पोरीचा हात मी बांधणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला बांधू देणार नाही.

बोलताना आवाज फळ्यावर शिकवताना असतो तसाच होता, याचं मला नंतर नवल वाटलं.

नरसिंग खाली बसला. पागोटं काढून मांडीवर ठेवलं. म्हणाला, “माझ्या बापानं मला येगळंच सांगितलं हुतं तुमचं.” आणि उठून गेला. पोरीला घेऊन गेला नाही.

साहेबांनी जगदेवीचे चार गुण कापले. मी त्यांना म्हणालो, ती सूचना काढून टाका. ते म्हणाले, चारशे बारा प्रती निघाल्या, मंगळवारी वाटप, नवा कागद मिळणार नाही. जीपमध्ये बसता बसता मात्र म्हणाले, “खोडायची असेल तर येऊन खोडा. पण मग कित्त्याखाली नाव ठेवायचं का, तेही ठरवा. खोडलेला कित्ता देणारा मास्तर म्हणून लोक हसतील.”


गुरुवार, १३ जानेवारी

जगदेवी शाळेत आली. डाव्या टोकाला जाऊन बसली.


सोमवार, १७ जानेवारी

किरकोळ रजा टाकली. अहमदपूरला निघालो, तेव्हा केवळाबाई लुगडं बदलून दारात उभी होती. सकाळच्या एसटीत आम्हाला मागची जागा मिळाली. वाटेत दोन्ही बाजूला काळी ढेकळं, एकाही शेतात करडई नाही. ती खिडकीतून बघत राहिली.

पंचायत समितीच्या व्हरांड्यात गठ्ठे बांधून ठेवले होते. शिपायानं सतरंजी दिली. मी पहिला गठ्ठा सोडला, पट्टी लावली आणि पहिल्या सूचनेवर रेघ मारली. नाव राहू दिलं. हसणाऱ्यांना कुणाला हसायचं ते कळलेलं बरं.

वीसेक झाल्यावर केवळाबाई म्हणाली, “कंची वळ?”

तिला वाचता येत नाही. मी बोट ठेवून दाखवली, आकड्यासकट. तिनं माझ्या खिशातलं दुसरं पेन काढलं, डाव्या हातात धरलं आणि रेघ मारली. पट्टी न लावता.

मी बघत राहिलो. एकतीस वर्षांचा संसार. भाकरी, जातं, विळी, सगळं मी तिच्या उजव्या हातात पाहिलेलं.

“तू डावरी आहेस?”

“म्हायेरी आर्धापुरात, लहानपनी व्हते,” ती म्हणाली. “केळीचे घड उतरवताना बाप म्हनायचा, हिच्या डाव्या हाताला बळ हाय. तुमच्या घरी आले, तुमच्या आईनं पहिल्याच दिवशी उलथनं हातावर मारलं. मंग उजव्यानं शिकले.”

“मला कधी सांगितलं नाहीस.”

“सिंधु डाव्या हातानं लिवाया लागली तवा सांगनार व्हते. तुमी पट्टी फाडत व्हता.”

तिनं पुढचा कागद ओढला. आम्ही दोघं खोडत राहिलो. दुपारी शिपायानं आणलेलं पाणी आधी ती प्यायली, मग मला दिलं. तिसऱ्या गठ्ठ्याला ती आपणहून सिंधुचं बोलायला लागली. पोर आवळे मिठात घालून खायची. पावसाळ्यात जन्मली तेव्हा अर्धापूरला कसा पूर आला होता. मला हे काहीच ठाऊक नव्हतं, की ठाऊक होतं आणि मी ते मधल्या सुट्टीसारखं मागं टाकलं, कोण जाणे.

पाच वाजता चारशे बारावी प्रत झाली. परतीची एसटी गेली होती. गठ्ठे बांधताना मी वरवर कागद चाळून पाहिले. पट्टी लावूनही माझ्या रेघा शेवटी शेवटी थरथरल्या आहेत. तिच्या सगळ्या सरळ आहेत.